चंद्रावर दगड टाकला तर

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे नावाचे गाव लागते. नाणेघाटाची जुनी वाट याच गावाच्या बाजूने वर चढते. सातवाहन राजांच्या काळी कोकणातील बंदरांवर उतरलेला माल या वाटेने जुन्नरला जात असे. घाटाच्या माथ्यावरील लेणे व दगडी रांजण पाहावयास पुष्कळ लोक येतात. परंतु श्रावणात तेथे जाणारा प्रवासी लेण्याआधी कड्याकडेच पाहू लागतो. माथ्यावरचे पाणी कड्यावरून खाली झेपावते आणि थोडे अंतर जाताच मागे वळून पुन्हा माथ्यावर उधळते. जे पाणी खाली कोकणात पडावयाचे, ते उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर खालून वर येते!

हे पाहून एखाद्यास वाटेल की, त्या जागी पृथ्वीची ओढ नाहीशी झाली असावी. तसे मुळीच नाही. समुद्राकडून आलेला पावसाळी वारा सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर आदळतो, त्याला पुढे वाट मिळत नाही, म्हणून तो कड्याला लागून वर चढतो. पाण्याचे थेंब हलके असतात. वाऱ्याचा जोर त्यांच्या वजनाहून अधिक ठरतो व थेंब उलटे फिरतात. त्याच कड्यावरून दगड सोडला, तर तो वाऱ्याला न जुमानता सरळ दरीत जातो. पृथ्वीची ओढ दगडालाही आहे आणि थेंबालाही आहे. फरक आहे तो हवेमुळे.

हीच गोष्ट शहापूरच्या रानात वर्षभर पाहावयास मिळते. सागाचे वाळलेले पान झाडावरून सुटले की गिरक्या घेत, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे झुकत, सावकाश जमिनीवर येते. मोहाचे फूल मात्र टपकन खाली पडते. या अनुभवावरून जड वस्तू लवकर पडते व हलकी वस्तू उशिरा पडते, असा समज माणसाने फार प्राचीन काळी करून घेतला आणि तो दोन हजार वर्षे टिकला. सतराव्या शतकात गॅलिलिओने या समजुतीस धक्का दिला. हवेचा अडथळा नसेल, तर सर्व वस्तू सारख्याच वेगाने पडतील, असे त्याचे म्हणणे होते. पुढे हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत पीस व नाणे एकदम पडताना लोकांनी पाहिले. तथापि, नळी ती नळीच. उघड्या आकाशाखाली हा प्रयोग करावयाचा, तर हवा नसलेली जागा हवी.

अशी जागा चंद्रावर आहे. चंद्रावर म्हणण्यासारखी हवा नाही. २ ऑगस्ट १९७१ रोजी 'अपोलो १५' या यानातून तेथे गेलेला अमेरिकन अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने एका हातात हातोडा व दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरले आणि दोन्ही एकाच क्षणी सोडून दिले. हातोडा पिसाहून चाळीसपटींपेक्षाही जड होता. तरी दोन्ही वस्तू बरोबरच जमिनीला टेकल्या. पिसाने ना गिरकी घेतली, ना ते तरंगले. चित्रपटावर घेतलेले ते दृश्य पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हातोडासुद्धा सावकाश पडला. पृथ्वीवर तेवढ्या उंचीवरून पडावयास अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागला असता. तेथे जवळजवळ दीड सेकंद लागला.

असे का व्हावे? पडणे म्हणजे काय, तर खालच्या मोठ्या गोलाने वस्तूला आपल्याकडे ओढून घेणे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथात, पृथ्वी आपल्या अंगच्या शक्तीने जड वस्तूंना स्वतःकडे ओढते, असा विचार आला आहे. त्या ओढीचा पक्का हिशेब न्यूटनने १६८७ मध्ये मांडला. ओढणारा गोल जितका वजनदार, तितकी ओढ अधिक. आणि त्याच्या केंद्रापासून वस्तू जितकी दूर, तितकी ओढ कमी. हे कमी होणेही साधे नसून वर्गाच्या प्रमाणात होते. अंतर दुप्पट झाले, तर ओढ निम्मी न राहता चौथाई राहते.

चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे एक्याऐंशीव्या भागाइतकेच आहे. मग तेथील ओढही एक्याऐंशीव्या भागाएवढी असावयास हवी होती. परंतु चंद्र आकारानेही लहान आहे. त्याची त्रिज्या सुमारे १७३७ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या चौथाईहून थोडी अधिक. त्यामुळे चंद्राच्या भूमीवर उभा असलेला माणूस चंद्राच्या केंद्राच्या बराच जवळ असतो व ही जवळीक ओढीची भर करते. दोन्ही गोष्टींचा मेळ घातला म्हणजे उत्तर येते ते सहाव्या हिश्शाचे. साठ किलो वजनाचा माणूस तेथे काट्यावर उभा राहिला, तर काटा दहा किलो दाखवील. त्याचे शरीर मात्र तेवढेच राहील, ही गोष्ट विसरता कामा नये!

आता पडण्याचा हिशेब करू. पृथ्वीवर सुटलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटरने वाढत जातो. चंद्रावर तो दर सेकंदाला फक्त १.६२ मीटरने वाढतो. पहिल्या सेकंदात पृथ्वीवरची वस्तू ४.९ मीटर खाली येते, तर चंद्रावरची वस्तू ८१ सेंटिमीटर, म्हणजे हातभर नव्हे तरी दोन हातांहून कमीच. समजा, पाच मीटर उंचीच्या फांदीवरून आंबा सुटला. पृथ्वीवर तो एका सेकंदात खाली येईल व जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास असेल. चंद्रावर आंब्याचे झाड नाही. पण असते, तर तोच आंबा खाली यावयास अडीच सेकंद लागले असते आणि त्याचा वेग सेकंदाला चार मीटर भरला असता.

येथे पुष्कळजण फसतात. ओढ सहापट कमी, म्हणून पडावयास वेळही सहापट लागावा, असे त्यांना वाटते. पण वेळ सहापट वाढत नाही, अडीचपट वाढतो. कारण पडणारी वस्तू एकाच वेगाने खाली येत नाही. ती क्षणोक्षणी अधिक वेगाने धावू लागते. जो वेळ जास्त मिळतो, त्या वेळात तिचा वेगही साचत जातो. म्हणून येथे सहा या संख्येचे वर्गमूळ कामी येते, आणि ते अडीचच्या जवळ आहे.

उंचीच्या बाबतीतही वर्गमुळाचाच नियम चालतो. शहापूर तालुक्यातील भातसा नदीवरचे धरण, ज्याचे पाणी मुंबईकर पितात, ते सुमारे ८८ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून दगड सुटला आणि हवेचा अडथळा हिशेबात धरला नाही, तर तो सव्वाचार सेकंदांत पायथ्याशी येईल. त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४१ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर असेल. चंद्रावर एवढेच उंच धरण बांधले, तर तोच दगड सुमारे साडेदहा सेकंद पडत राहील आणि ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने आदळेल. आता याहून मोठी उंची घेऊ. आसनगावजवळचा माहुलीचा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीचा सरळ कडा चंद्रावर कल्पिला, तर दगडास खाली यावयास सुमारे साडेबत्तीस सेकंद लागतील. उंची भातशाच्या धरणाच्या जवळजवळ दहापट झाली. वेळ मात्र तिपटीहून थोडाच अधिक वाढला. चौपट उंचीस दुप्पट वेळ, नऊपट उंचीस तिप्पट वेळ, असे ते प्रमाण आहे. वेगही त्याच प्रमाणात वाढतो.

आघाताची शक्ती मात्र उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते. उंची दुप्पट तर शक्ती दुप्पट. या शक्तीचा उपयोग शहापूर तालुक्यातच करून घेतलेला आहे. घाटघर येथे सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आहे व खाली कोकणात चोंढे गावाजवळ दुसरा. विजेची मागणी वाढते, तेव्हा वरचे पाणी डोंगराच्या पोटातून खाली सोडतात व त्यावर २५० मेगावॅट क्षमतेची यंत्रे फिरतात. मागणी कमी असते, तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. हीच योजना चंद्रावर उभारली, तर तेवढ्याच पाण्यापासून व तेवढ्याच उंचीतून वीज मिळेल ती फक्त सहावा हिस्सा. वर चढवावयासही अर्थात सहावा हिस्साच शक्ती लागेल.

धरण आणि डोंगर यांच्या उंचीपर्यंत हा हिशेब बिनचूक चालतो. याहून फार वर गेले की मात्र निराळीच अडचण येते, आणि ती चंद्रावर पृथ्वीपेक्षा लवकर जाणवते. पृथ्वीपासून शंभर किलोमीटर वर गेले, तरी ओढ शेकडा तीननेच घटते. कारण सहा हजारांहून अधिक किलोमीटरच्या त्रिज्येपुढे शंभर किलोमीटर ते काय! चंद्राची त्रिज्या लहान, म्हणून तेवढ्याच उंचीवर तेथील ओढ शेकडा दहाहून अधिक घटते. चंद्राच्या त्रिज्येइतक्या, म्हणजे १७३७ किलोमीटर उंचीवर गेले, तर ती चौथाईच उरते. तेथून सुटलेला दगड आरंभी अगदी रेंगाळत निघेल आणि जसजसा खाली येईल, तसतशी त्याच्यावरील ओढच वाढत जाईल. तो आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर असेल. शाळेतील साध्या सूत्राने हिशेब केला असता तो जवळजवळ २.४ किलोमीटर यावयाचा. सूत्र खोटे नव्हे. ते जमिनीलगतच्या उंचीसाठी आहे, इतकेच.

यावरून एक नवल निघते. दगड आणखी वर, आणखी वर नेऊन सोडला, तर त्याचा वेग अमर्याद वाढेल काय? नाही. पृथ्वी व सूर्य यांची ओढ क्षणभर बाजूस ठेवली, तर केवळ चंद्राच्या ओढीने पडणारी वस्तू, ती कितीही उंचावरून पडो, सेकंदाला २.३८ किलोमीटरहून अधिक वेगाने आदळू शकत नाही. दूरच्या उंचीवर ओढच इतकी क्षीण असते की ती वेगात फारशी भर घालीत नाही. चंद्रावरची प्रचंड विवरे ज्या उल्कांनी पाडली, त्यांपैकी अनेकांचा वेग याहून अधिक होता. परंतु तो वेग त्यांनी आपल्याबरोबर अवकाशातून आणला होता.

आतापर्यंत दगड नुसता सोडून दिला, असे धरले. प्रत्यक्षात चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून एखादी वस्तू हळूच सोडली, तर ती खाली पडतच नाही! ती यानाच्या शेजारीच फिरत राहते. कारण यान सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने आडवे धावत असते व सुटलेली वस्तूही त्याच वेगाने धावते. ती खाली ओढली जाते, हे खरे. पण ती जितकी खाली येते, तितकीच चंद्राची गोल भूमीही तिच्याखालून वळून दूर जाते. पडूनही जमीन गाठता येत नाही, अशी ही स्थिती होय. आपला चंद्रही याच रीतीने पृथ्वीकडे पडत असतो. एका सेकंदात तो सव्वा मिलिमीटरहून किंचित अधिक पृथ्वीकडे झुकतो आणि तेवढ्यामुळेच त्याची वाट सरळ न राहता गोल होते.

भारताने चंद्रावर पहिली वस्तू टाकली, ती अशाच आडव्या धावेतून. २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून 'चांद्रयान १' निघाले व चंद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर त्याच्याभोवती फिरू लागले. १४ नोव्हेंबरला, बालदिनाच्या रात्री, त्यातून 'मून इम्पॅक्ट प्रोब' नावाची एक पेटी सोडण्यात आली. तिच्या बाजूंवर तिरंगा रंगविलेला होता. शंभर किलोमीटर उंचीवरून नुसता सोडलेला दगड सुमारे सहा मिनिटांत चंद्रावर पडेल. पेटीला मात्र पंचवीस मिनिटे लागली. पेटीवरील लहानशा अग्निबाणाने तिची आडवी धाव थोडीशीच कमी केली होती; त्यामुळे ती उभी न पडता लांबच लांब तिरक्या वाटेने, दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापीत खाली आली आणि दक्षिण ध्रुवाजवळ आदळली. आदळून फुटावे, यासाठीच ती केलेली होती. पडता पडता तिने चंद्राची छायाचित्रे घेतली, आणि चंद्राभोवती जे अतिविरळ वायू आहेत त्यांत पाण्याचा अंश असल्याच्या खुणाही टिपल्या.

न फुटता उतरणे ही याहून फार कठीण गोष्ट. पृथ्वीवर परतणारे यान हवेशी घासून आपला वेग घालविते व शेवटी हवाईछत्री उघडून अलगद खाली येते. चंद्रावर छत्रीत भरावयास हवाच नाही. जी हवा नाणेघाटात पाणी उलटे फिरविते, तिची झुळूकही तेथे मदतीस येत नाही. तेथे वेग मोडावयाचा तो इंजिनाची ज्वाळा धावेच्या उलट दिशेने सोडूनच. 'चांद्रयान २' मधील 'विक्रम' हे उतरणारे यान ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटेपूर्वी सुमारे तीस किलोमीटर उंचीवरून उतरू लागले. केवळ उंचीमुळे त्याला येणारा वेग सेकंदाला सुमारे ३१० मीटरच होता. मोडावयाची होती ती सेकंदाला १६८० मीटरची आडवी धाव. आरंभीचा टप्पा नीट पार पडला. पुढच्या टप्प्यात मात्र वेगाचा हिशेब ठरल्याप्रमाणे जुळला नाही. ठरल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच, पण जोराने, 'विक्रम' आदळला व त्याचा आवाज कायमचा बंद झाला. देशभर रात्री जागून बसलेल्या लोकांच्या काळजाचा ठोका चुकला.

शास्त्रज्ञांनी चूक कोठे झाली ते शोधले व यानात अनेक सुधारणा केल्या. त्यांतली एक सुधारणा यानाच्या पायांची होती. सेकंदाला तीन मीटर वेगाने टेकले, तरी मोडू नयेत, असे मजबूत पाय या वेळी केले. तीन मीटर म्हणजे किती? चंद्रावर पावणेतीन मीटर उंचीवरून पडलेली वस्तू एवढ्या वेगाने टेकते. पृथ्वीवर तोच वेग दीड फुटावरून पडताना येतो. तीस किलोमीटरच्या उंचीचे आणि त्या सगळ्या धावेचे पडणे इंजिनांनी शोषून घ्यावयाचे आणि शेवटी पायांवर सोपवावयाचे ते ओट्यावरून उडी मारण्याइतकेच.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास 'चांद्रयान ३' चा 'विक्रम' उतरू लागला. तीस किलोमीटर उंचीवरून नुसता दगड सव्वातीन मिनिटांत पडला असता. 'विक्रम'ने जवळजवळ एकोणीस मिनिटे घेतली. जमिनीपासून सुमारे दीडशे मीटरवर तो क्षणभर अधांतरी थांबला, खाली मोठे धोंडे वा खड्डे नाहीत ना, हे त्याने पाहून घेतले आणि सहा वाजून चार मिनिटांनी दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद पाय टेकले. तेव्हा कोठे सर्वांचा जीव भांड्यात पडला.

पुढे ३ सप्टेंबरला शास्त्रज्ञांनी 'विक्रम'ची इंजिने पुन्हा एकदा पेटविली. यान सुमारे चाळीस सेंटिमीटर वर उचलले गेले व तेवढ्याच अंतरावर बाजूस नीट उतरले. चाळीस सेंटिमीटर म्हणजे गुडघ्याएवढीही उंची नव्हे. परंतु चंद्रावर उतरलेले यान तेथून पुन्हा उचलता येते आणि दुसऱ्यांदाही ते न मोडता टेकविता येते, हे त्या लहानशा उडीने दाखविले. तेथील माती व दगड घेऊन परत यावयाचे, तर आधी एवढे जमावयास हवे होते.

अभ्यास

१. नाणेघाटातील पाणी उलटे उडते, पण दगड दरीत पडतो. कारण सांगा.

२. भातसा धरणाच्या चौपट उंचीचा कडा चंद्रावर आहे असे समजा. त्यावरून सुटलेला दगड किती सेकंदांत खाली येईल?

३. शंभर किलोमीटर उंचीवरून सुटलेल्या पेटीस सहा मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटे का लागली?

४. पुढील शब्दप्रयोग स्वतःच्या वाक्यांत वापरा : काळजाचा ठोका चुकणे, हिशेब जुळणे, जीव भांड्यात पडणे.